बिनपडद्यांची गिटार

१८ सप्टेंबर १९६६, रविवार

डोमाजीकाकांनी आज गिटार दिली. गिटार म्हणे! हिला गिटार म्हणायचं असेल तर आमच्या दाराच्या अडसरालाही म्हणता येईल.

दोन महिने थांबवलं. मुंबईच्या मासिकातला फोटो कापून दिला होता — बास गिटार, चार जाड तारा, लांब दांडी. तारा मी मुंबईहून मागवल्या. तारांखालचा, आवाज उचलणारा पिकअप लाउडस्पीकरवाल्याने तांब्याची तार गुंडाळून करून दिला. काकांनी फक्त लाकूड करायचं होतं. तर दांडी साफ गुळगुळीत. पडदेच नाहीत! मँडोलिनला असतात, सतारीला असतात — धातूच्या आडव्या पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मध्ये कुठेही बोट दाबा, सूर जिथल्या तिथे. इथे काहीच नाही. बोट कुठे ठेवायचं ते आपलं आपण ओळखा.

म्हटलं, काका, पडदे कुठायत? विडी विझवली, फोटो डोळ्यांपासून लांब धरला आणि म्हणाले, "रेघा व्हत्या खऱ्या. मले वाटलं फोटोच खराब हाय."

फोटो खराब! या माणसाने बत्तीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत सुतारकी केली. फावल्या वेळात पाळणे, चौकटी, आणि बाबांच्या भजनासाठी एकतारी. जन्मभर जो एका तारेच्या पुढे गेला नाही त्याच्या हातात फोटो दिला मी. म्हणजे मूर्ख कोण ते उघड आहे. पितळेची तार आली की पडदे बसवून देतो म्हणाले.

२० सप्टेंबर

हे सगळं माझ्यावर का आलं ते एकदा लिहून टाकतो.

सहा वर्षं भगवंतरावांच्या ऑर्केस्ट्रात मी मँडोलिन वाजवली. भगवंतराव म्हणजे वरूडचे संत्रावाले. बगीचे तिकडे, गोदाम इकडे अमरावतीत, आणि गोदामात आमची तालीम. स्वतः अकॉर्डियन वाजवतात, म्हणजे छातीशी धरून हसतात. जुलैमध्ये त्यांचा मेव्हणा महादेव नागपुरात तिसऱ्यांदा नापास होऊन आला, तो हातात नवी मँडोलिन घेऊनच. लगेच पुढच्या तालमीला भगवंतराव सगळ्यांसमोर मला म्हणाले, "शालिकराम, मुंबईत आता बासशिवाय ऑर्केस्ट्रा नाही राहात. तू बास घे." तोंडावरून वाटत होतं बढतीच देत आहेत. आणि मी मान हलवली! घरी येऊन इंदूवर ओरडलो. तिचा काय संबंध? पण बायको जवळ असते, भगवंतराव लांब.

त्या घरी चहा कपातून मिळतो, आणि कप कुठे ठेवायचा ते मला वेगळं सांगितलं जातं. तिथे मँडोलिन गेली याचं नवल कशाला.

२५ सप्टेंबर, रविवार

सकाळी तासभर बसलो. तारा आहेत की विहिरीचे दोर! बोटांची सालं निघाली. सा सापडला तर रे हरवतो. रे शोधून परत यावं तर सा तिथे नसतो. बोट केसभर सरकलं की आवाज असा येतो की स्वतःचीच लाज वाटावी.

त्यात बाबांचा खोकला. ओसरीत खाटेवर बसतात आणि खोकतात. जिनमध्ये जन्म गेला, छातीत सरकी-कापूस बसलाय, मान्य. पण मी वाजवायला बसल्यावरच? मँडोलिन वाजवत होतो तेव्हा कधी नव्हता. पावसाळी हवा असेल.

२९ सप्टेंबर

युक्ती केली. मँडोलिनशी ताडून पाहून दांडीवर निळ्या शाईने रेघा आखल्या. पितळेचे नाही तर शाईचे पडदे. चोवीस मिनिटं झकास वाजलं. मग घामाने रेघा बोटांवर आल्या. ऑफिसात हेडक्लार्कने फाइलवरचे निळे ठसे पाहिले आणि विचारलं, शालिकराम, जिल्हा परिषदेत अंगठेबहाद्दर कधीपासून घ्यायला लागले? सगळे हसले. मीही हसलो. नोकरी आहे.

३ ऑक्टोबर

रेघा परत आखल्या होत्या, यावेळी रंगाच्या. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर दांडी स्वच्छ. घासलेटाचा वास. इंदूला विचारलं. तिने आधी रागाने पाहिलं, मग म्हणाली, "तुमच्या त्या दांडक्याले मी हात बी लावत नाही. घासलेट का फुकट येते?" मग काय उंदराने पुसल्या?

९ ऑक्टोबर, रविवार

डोमाजीकाकांकडे चक्कर. पितळेची तार आली नाही. नागपूरहून यायची आहे. नागपूर काय विलायतेत आहे? खाली बसून एका पाळण्याला नक्षी करत होते. पोपट कोरत होते! पोपटाला वेळ आहे.

आल्या-गेल्याला गिटार दाखवायची आता लाज वाटते. शेजारच्याने विचारलं, हे लाटणं केवढ्या पोळीचं?

१६ ऑक्टोबर

काही नाही. बोटं दुखतात. बाबा खोकतात.

२३ ऑक्टोबर, दसरा

बाबा कालच नागपूरला गेले, दीक्षाभूमीवर. दीक्षा घेतली त्याला दहा वर्षं झाली. दरवर्षी जातात.

त्याआधी बाबांचं भजन आमच्या फ्रेजरपुऱ्यात आणि बाहेरही प्रसिद्ध होतं. देवमनची एकतारी म्हटलं की लोक गावांहून यायचे. दीक्षा घेतली, देव नदीत सोडले, आणि एकतारी माळ्यावर टाकली. ज्या तोंडाने ते गायलं त्याच तोंडाने आता दुसरं कसं गाऊ, असं आईला एकदा म्हणाले होते. आई गेली. नंतर बाबा गाण्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. माझ्या मँडोलिनबद्दलही नाही. सहा वर्षांत माझा एकही कार्यक्रम त्यांनी पाहिलेला नाही. मला वाईट वाटतं का? पूर्वी वाटायचं.

आज घर शांत. खोकला नाही. दोन तास मोकळेपणी वाजवलं, अगदी स्वतःवर खूश होऊन. शेवटी इंदू दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आज काही बिघडलं काय त्याच्यात?

२६ ऑक्टोबर

हे रागात लिहितोय.

बाबा परत आले. सकाळी वाजवायला बसलो. गंधारावर गेलो, खोकला. बोट किंचित वर सरकवलं, गप्प. मला शंका आली. मुद्दाम चुकीचं वाजवलं. खोकला! नीट वाजवलं. शांत. दहा वेळा करून पाहिलं, दहा वेळा तेच. पंचमाला जरा कमी पडलो तर घसा नुसताच खाकरला. जास्त चुकलो तर पूर्ण ढास.

म्हणजे महिनाभर हा माणूस भिंतीपलीकडे बसून माझ्या चुका काढतोय. कापूस कसला, सरकी कसली! तोंडाने सांगायला काय होतं? 'शालिक, खाली गेलं' — तीन शब्द. पण नाही. दहा वर्षांचं मौन मोडेल ना!

बोललो नाही काही. मीही त्यांचाच मुलगा आहे.

६ नोव्हेंबर, रविवार

काकांच्या हाताला पटाशी लागली म्हणे. कोणत्या हाताला विचारलं तर डावा दाखवला, पट्टी उजव्याला. सरळ खोटं बोलतात आणि नजरही चोरत नाहीत. मी पितळेची तार स्वतः आणून देतो म्हटलं, तर म्हणाले, तुह्या तारेचा भरोसा नाही. यांच्या डोळ्यांचा भरोसा, माझ्या तारेचा नाही!

१३ नोव्हेंबर

खोकल्यावर वाजवतोय. लिहायला लाज वाटते, पण तेच चाललंय. डोळे मिटतो. बोट टेकवतो. खोकला आला की सरकतो. पूर्वी एका सुराला पाच-सहा खोकले लागत, आता एखादा. काही सूर तर खोकला यायच्या आधीच कळतात, बोटालाच खुपतं.

२० नोव्हेंबर, रविवार

आज काहीतरी झालं. ते नीट लिहिता येईल असं नाही.

खालच्या तारेवर षड्‌जावरून मध्यमाकडे जात होतो. बोट उचललंच नाही. तसंच घसरत नेलं. तर सूर तुटला नाही! मधले सगळे आवाज वाटेत भेटत गेले आणि तो मध्यमावर जाऊन बसला, दमलेला माणूस ओट्यावर टेकतो तसा. मँडोलिनवर हे होत नाही. ती टोचून टोचून सूर देते, एकातून दुसऱ्यात जाऊ देत नाही. सहा वर्षं मी तेच संगीत समजत होतो.

पुन्हा केलं. पुन्हा. चाळीस-पन्नास वेळा केलं असेल. ऑफिसला उशीर होणार नव्हता, रविवारच होता. ओसरीतून आवाज नाही. मला हे वाद्य आवडतं. लिहिलं एकदाचं. उद्या खोडेन.

४ डिसेंबर, रविवार

तालमीत शोभा झाली. गोदामात संत्र्यांची भर आहे, पेट्या ठोकायचा आवाज चालू, स्वतःचं बोट ऐकू येईना. दोन ठिकाणी घसरलो. महादेव मोठ्याने हसला. त्याचं काय, त्याच्या दांडीवर पडद्यांची शिडी आहे, माकडही चढेल.

भगवंतरावांनी अकॉर्डियन खाली ठेवलं. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "सव्वीस जानेवारीले अकोल्यात कार्यक्रम आहे. मोठमोठी मानसं येतीन. तिथं हे असं झालं तं मी नागपूरचा मानूस बोलावतो. मंग तुले घरी बसा लागन." मेव्हण्याला मँडोलिन देऊन झाली, आता मला घरही देतायत.

घरी बसावं लागलं तर? ऑफिस, फाइल, हेडक्लार्क, आणि संध्याकाळी ओसरीत दोघं — मी आणि बाबा, दोघंही गप्प. ही कल्पना सहन होत नाही.

११ डिसेंबर

काका घरी नाहीत. सालीच्या लग्नाला मूर्तिजापूरला गेले म्हणे. त्यांची सगळ्यात धाकटी साली पन्नाशीची असेल!

८ जानेवारी १९६७, रविवार

निवडणूक आली. माझी गिटार ज्यावर वाजायची तो लाउडस्पीकरवाल्याचा अॅम्प्लिफायर प्रचाराच्या जीपवर चढला. तो आता दिवसभर गल्लोगल्ली आश्वासनं देतो. माझी गिटार मुकी. विजेशिवाय हिचा आवाज म्हणजे माशीचा.

मग एक सापडलं. दांडीचं टोक दाराच्या चौकटीला टेकवलं की चौकट वाजते. सागाची आहे, डोमाजीकाकांचीच. सगळं दार घुमतं. हाडांतून ऐकू येतं. आता सकाळी चौकटीशी बसतो.

१० जानेवारी

बाबांनी खाट सरकवली. आता चौकटीला पाठ लावून बसतात, बाहेरच्या बाजूला. मी आतल्या. मध्ये दार. विचारलं, खाट का हलवली? म्हणाले, "तिथं ऊन लागते." जानेवारीत माणसं ऊन शोधत फिरतात!

२२ जानेवारी, रविवार

खोकला जवळजवळ बंद आहे. काल एकदाच आला, आणि चूक माझीच होती.

आज मन घट्ट करून विचारलं, बाबा, अकोल्याला येता का कार्यक्रमाला? सुपारी कातरत होते. कातरतच राहिले. मग म्हणाले, "चतुराकडं जाचं हाय मले अकोल्याले. जमलं तं पाहू." चतुराआत्या म्हणजे त्यांची बहीण. दोन वर्षांत तिकडे फिरकले नाहीत. माझ्या कार्यक्रमाच्या दिवशी बरोबर बहीण आठवली! नसेल यायचं तर नाही म्हणा.

२७ जानेवारी, अकोला. आत्याच्या घराजवळच्या हॉटेलात चहा घेत लिहितोय.

काल सगळे बडनेऱ्याहून गाडीने आलो. गिटार डब्यात उभी केली तर एका म्हाताऱ्याने तिला नांगर समजून कोणत्या जमिनीसाठी आहे ते विचारलं. मी काळ्या म्हटलं.

संध्याकाळी मैदानात मांडव. गर्दी चांगली. पहिली चार गाणी ठीक. अकॉर्डियन चालू होतं तोवर सगळ्यांना आधार होता. पाचव्या गाण्याआधी भगवंतराव खाली उतरले, हार घालून घ्यायला. आम्हाला खूण केली, चालू ठेवा. राहिलो गाणारा, तबला, महादेव आणि मी.

आणि महादेवची मँडोलिन उतरली! त्याने मुद्दाम अकोल्यासाठी नव्या तारा चढवल्या होत्या, झळाळत्या. नव्या तारा ताणतात, उतरतात, कुणालाही ठाऊक आहे. हा आपला पडद्यांवर बोटं नेमकी ठेवतोय आणि खूश. पडदा बरोबर, तारच खाली गेलेली. त्याच्या गावीही नाही. गाणारा बिचारा मँडोलिन ऐकून तिच्याबरोबर खाली सरकला.

मी बरोबर होतो. अकॉर्डियनला मिळवलेल्या पट्टीवर खिळ्यासारखा. मनात म्हटलं, आता ऐका! साऱ्या अकोल्याला कळू दे बेसूर कोण आहे. भगवंतरावांनाही हार गळ्यात घालून ऐकू दे. अजून जोरात छेडलं. इतका आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

तेवढ्यात खोकला.

उजवीकडून, बायकांच्या बसायच्या जागेच्या पुढून कुठून तरी. तो खोकला हजार माणसांत ओळखेन मी. पण मी तर बरोबर होतो! चुकत होता महादेव! पुन्हा आला, या वेळी पूर्ण ढास. तेव्हा कळलं. गाणं जिथे होतं तिथे मी नव्हतो. तिघं एका जागी, आणि मी एकटा माझ्या बरोबरपणात.

मोकळी तार वाजवायची सोडली, डोळे मिटले आणि बोट खाली सरकवलं. केसभर. आणखी जरा. आणि लागलं! गाणाऱ्याचा आवाज एकदम मोकळा झाला, तबलजीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे पडदे असते तर मला सरकताच आलं नसतं. महादेवला मी अख्खं गाणं हातावर तोलून नेलं आणि त्याला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. टाळ्या त्याने घेतल्या. वाकून!

खोकला परत आला नाही.

कार्यक्रमानंतर बाबांना मांडवभर शोधलं. नाहीत. रात्री आत्याकडे झोपायला गेलो तर भाकरी खात बसलेले. आत्या म्हणाली, भाऊ दुपारपासून घरीच होता. बाबांनी मान डोलावली. दोघं भावंडं मिळून खोटं बोलतात. त्यांच्या चपलांना मांडवाची माती होती.

२९ जानेवारी

भगवंतराव म्हणाले, बास चांगला झाला. मग म्हणाले, पण महादेवने खरी मजा आणली. असो. नागपूरच्या माणसाचं नाव निघालं नाही. मुंबईहून पडद्यांची गिटार आणवतो म्हणत होते, मी नको म्हटलं. का नको ते त्यांना समजावण्यात अर्थ नाही.

५ फेब्रुवारी, रविवार

डोमाजीकाकांना सांगायला गेलो, पडदे राहू द्या, आता नकोत. ते उठले, फळीवरून विड्यांचं जुनं डबडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत वीस पितळी पट्ट्या. कापलेल्या, घासलेल्या, लांबीप्रमाणे लावलेल्या. विचारलं, कधीच्या? म्हणाले, "गिटार देयाच्या आंधीच्या. दांडीले करवत लावतच व्हतो, तं तुहा बाप आला. हात धरला माहा. म्हने, डोम्या, पोराचा कान चांगला हाय, पन त्यानं कधी वापरला नाही. पडदे नको लावू. मी बसतो त्याच्यासंगं."

डबडं घरी आणून बाबांपुढे खाटेवर ठेवलं. रंगाच्या रेघा कोणी पुसल्या तेही आता विचारायची गरज नव्हती. त्यांनी झाकण उघडून पाहिलं, बंद केलं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, मला पहिल्यापासून माहीत होतं.

बाबा खोकले.